गवताची नोकरी

माझ्या भाच्याला अमेरिकेत नोकरी लागली ही बातमी आमच्या आळीत पसरायला अर्धा तास पुरला. पण ती नोकरी कसली हे सांगायला माझ्या बहिणीने दोन महिने घेतले. मुलगा राहुरीच्या कृषी विद्यापीठातला पदवीधर, पुढे अमेरिकेत आणखी एक पदवी घेतलेला. तेव्हा लोकांनी आपापल्या मनाने त्याला ट्रॅक्टरवर बसवून हजार एकरांचा मालक केला होता. शेवटी एका हळदीकुंकवात बहिणीने सांगून टाकले, "तो गोल्फच्या मैदानावर गवत राखतो." त्यावर एका बाईंनी मोठ्या सहानुभूतीने विचारले म्हणे, "गुरे किती आहेत?"

गुरे नाहीत. गवत मात्र दीडशे एकर आहे, आणि ते गुरांच्या नव्हे, माणसांच्या तोंडून राखायचे आहे, हे मला २०१९ च्या एप्रिलमध्ये आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो तेव्हा कळले. ओहायो राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, टोलेडो शहरापासून तासाभरावर एक लहानसे गाव आहे. मैदान गावाच्या मालकीचे. मोठ्या लोकांचा क्लब नव्हे. शाळामास्तर, नळकारागीर, निवृत्त पोस्टमन असे लोक तिथे फी भरून खेळतात. मुख्य कारभारी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर गेलेले, त्यामुळे सारा भार दोन महिने आमच्या चिरंजीवांवर होता. आणि नेमका त्याच वर्षी तिकडे असा पाऊस लागला की विचारू नका.

वसंत म्हटले की आपल्याला मोहोर, कोकिळा आणि कैरीची डाळ आठवते. ओहायोचा वसंत म्हणजे वितळलेले बर्फ, चार अंशांची थंडी आणि वरून संततधार. जुलै २०१८ ते जून २०१९ या बारा महिन्यांत अमेरिकेच्या मुख्य भूमीवर जेवढे पाणी पडले, तेवढे १८९५ पासूनच्या नोंदींत तोवर कुठल्याही बारा महिन्यांत पडले नव्हते. त्या वसंतात ओहायोतल्या शेतकऱ्यांना सुमारे १५ लाख एकर जमीन पेरताच आली नाही. आम्ही मोटारीतून जाताना दोन्ही बाजूंना शेते नव्हतीच. तळी होती, आणि त्यांत मागच्या वर्षीच्या मक्याची खुंटे उभी होती.

शेतकरी निदान पेरणी पुढे ढकलू शकतो. गोल्फवाल्याचे पीक उभेच असते, आणि गिऱ्हाईक रोज त्यावरून चालते. ज्यांनी हा खेळ माझ्यासारखा फक्त चित्रांत पाहिला असेल त्यांच्यासाठी सांगतो: चेंडू मारत जायचे ते लांबलचक गवत म्हणजे फेअरवे, मध्ये मुद्दाम ठेवलेले वाळूचे खड्डे म्हणजे बंकर, आणि शेवटी ज्या गुळगुळीत हिरव्या गालिच्यात सव्वाचार इंच व्यासाचे भोक असते ती ग्रीन. अशा अठरा. ग्रीनवरचे गवत एक अष्टमांश इंच, म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या निम्म्याइतके उंच ठेवायचे. सगळा जीव त्या अठरा गालिच्यांत अडकलेला असतो.

माझी समजूत अशी, की गवताला पाणी जितके मिळेल तितके बरे. भाचा हसला. खिशातून त्याने एक पोलादी नळी काढली, ग्रीनमध्ये खुपसली आणि बोटभर जाडीची मातीची कांडी बाहेर काढून माझ्या नाकाशी धरली. सडक्या अंड्यांचा वास!

"मामा, गवत पाण्याने मरत नाही, हवेवाचून मरते," तो म्हणाला. "मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. त्यांतून मुळे श्वास घेतात. त्या पाण्याने भरल्या की संपले. हवेतून प्राणवायू जितक्या लवकर सरकतो त्याच्या दहा हजारपट सावकाश तो पाण्यातून सरकतो."

मग पाणी जाणार कुठे? त्याला वाटा तीनच. उतारावरून वाहून जाईल, जमिनीत मुरेल, नाही तर उन्हाने आणि गवताच्या पानांतून वर उडून जाईल. आपल्याकडे आषाढात आभाळ फाटले तरी जमीन उबदार असते, गवत वाढीच्या भरात असते, म्हणून तिसरी वाट थोडीफार उघडी राहते. तिकडे एप्रिलमध्ये ऊन नावालाच, आणि गवत अजून अर्धवट झोपेत. तिसरी वाट जवळजवळ बंद. दुसरी वाट तर त्या मुलखाने जन्मतःच बंद करून ठेवलेली. टोलेडोच्या आसपासचा सारा प्रदेश एके काळी दलदल होता. त्याचे नावच मुळी 'ग्रेट ब्लॅक स्वॅम्प'. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या लोकांनी चर खणून, भाजलेल्या मातीच्या नळ्या जमिनीत पुरून ती दलदल उपसली आणि शेते केली. हे ऐकून मला आपल्या छत्रपती संभाजीनगरचे मलिक अंबराच्या काळातले खापरी नळ आठवले. आपण पाणी आणण्यासाठी नळ पुरले, त्यांनी घालवण्यासाठी. दलदल गेली, पण चिकणमाती राहिली. कुंभाराला हवी तशी.

खरे म्हणजे हा खेळ त्या मातीचा नव्हेच. तो वाढला स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या वाळूवर. सेंट अँड्र्यूजसारख्या ठिकाणी पाऊस पडतो आणि वाळूतून खाली जातो. गवत मेंढ्या नि ससे कातरत. एकोणिसाव्या शतकात तिथले मैदान सांभाळणारे ओल्ड टॉम मॉरिस यांनी ग्रीनवर वाळू पसरण्याचा उपाय रूढ केला, आणि तेव्हापासून जगभरचे कारभारी तेच करीत आले आहेत: गवताला भोके पाडायची आणि वाळू भरायची. १९६० मध्ये अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने ग्रीन बांधण्याची पद्धतच ठरवून दिली. खाली नळ, त्यावर चार इंच खडी, त्यावर बारा इंच वाळूचे मिश्रण. थोडक्यात, प्रत्येक ग्रीनखाली स्कॉटलंडचा एक तुकडा पुरायचा. आमच्या भाच्याच्या गावचे मैदान त्याहून जुने. तिथल्या ग्रीन नुसती माती ढकलून उंच केलेल्या.

त्याच आठवड्यात, १४ एप्रिलला, टायगर वुड्सने जॉर्जियातल्या ऑगस्टाची मास्टर्स स्पर्धा जिंकली. वादळ येणार म्हणून त्या दिवशी खेळाडूंना तिघातिघांच्या गटांनी पहाटेच सोडले होते. सारी अमेरिका टायगरकडे पाहत होती. आमचा भाचा दूरदर्शनच्या पडद्याला नाक लावून जमिनीकडे पाहत होता. ऑगस्टाच्या ग्रीनखाली पंखे बसवले आहेत, ते जमिनीतले पाणी नळांवाटे ओढून घेतात. "आमच्याकडे याच कामाला एक स्पंज आहे," तो म्हणाला.

आमच्या सौभाग्यवतींना त्या सामन्यातली एकच गोष्ट आवडली. ऑगस्टाच्या फेअरवेंवर मुळात बर्म्युडा ग्रास असते. थंडीत ते वाळते म्हणून वरून दुसरे गवत पेरतात. आणि बर्म्युडा ग्रास म्हणजे कोण? आपली हरळी! गणपतीला वाहतो त्या दूर्वा! "राहुरीला मी हरळी मारायला शिकलो मामी," भाचा म्हणाला, "आणि तिथे ती जगवायला लाखांनी पगार देतात." त्याच्या गावच्या थंडीत मात्र ती टिकत नाही. हे कळल्यावर सौ.ना त्या मैदानात फारसा रस उरला नाही.

मला उरला. झोप लागत नसे, म्हणून मी पहाटे पाचला त्याच्याबरोबर निघे. सात माणसे, पावसाळी अंगरखे आणि फावडी. रात्रीच्या पावसाने बंकरच्या काठावरची वाळू वाहून तळाशी साचलेली असे. ती फावड्यांनी पुन्हा काठावर चढवायची. अशा चाळीसेक खड्ड्यांत दुपार होई, आणि संध्याकाळी पाऊस येऊन सगळी वाळू पुन्हा खाली! ग्रीनवरचे पाणी रबरी पट्टीच्या दांड्याने लोटायचे, तेही चाकावरची यंत्रे न नेता. भोकातले पाणी स्पंजाने टिपायचे. वर कॅनडाची राजहंसासारखी बदके कळपाने उतरत आणि घाण करून जात. ह्या बदकांबद्दल भाच्याने काढलेले मराठी उद्गार दिवाळी अंकात छापण्याजोगे नाहीत.

पण सगळ्यांत कठीण काम वेगळेच होते: काही न करणे. पाने एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापू नयेत असा गवतशास्त्राचा नियम. पावसात गवत वाढते भराभरा, आणि कापायचे यंत्र मात्र टन-दीड टन वजनाचे. ओल्या मातीवर ते घातले की चाकोऱ्या पडतात. आणि दिसणाऱ्या चाकोरीहून न दिसणारे नुकसान मोठे. माती दाबली जाते, उरल्यासुरल्या पोकळ्या मिटतात. शिवाय ओल्या उतारावर यंत्र घसरून तळ्यात गेले तर वर बसलेल्या माणसाचे काय? म्हणून तो फेअरवेकडे पाहत उभा राही, आणि गवत घोट्याच्या वर येई. येणाराजाणारा विचारी, "तुमच्याकडे यंत्र नाही का?"

मेच्या एका शनिवारी गावच्या अग्निशामक स्वयंसेवकांच्या मदतीसाठी सामने ठरले होते. सव्वाशे खेळाडू. ह्या खेळात आता चालणारे थोडे. बहुतेक जण विजेच्या छोट्या गाड्यांतून फिरतात, आणि मैदानाची कमाई बरीचशी त्या गाड्यांच्या भाड्यावर असते. शुक्रवारी रात्रभर पाऊस. पहाटे भाच्याने अठराही ठिकाणी नळी खुपसली, माती मुठीत दाबून पाहिली, आणि ओढ्याकाठची तीन मैदाने बंद, गाड्या सगळ्या बंद, असे फलकावर लिहून टाकले.

साडेसहाला समितीचे अध्यक्ष आले. हार्डवेअरचे दुकान चालवणारा सज्जन माणूस. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा आभाळासारखा झाला होता. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. अर्धे खेळाडू साठीच्या पुढचे, कुणाच्या हृदयाला झडपा, कुणाचे गुडघे गेलेले. पैसे अग्निशामक बंबासाठी. मागचे सहा आठवडे मैदान निम्मे दिवस बंद, गल्ला रिकामा. एक दिवस चाके फिरली तर काय बिघडते?

मी बाजूला उभा होतो. मला ठाऊक होते की पोराचा परवाना ह्याच नोकरीवर अवलंबून आहे. कागदांवर सही ह्याच समितीची, आणि मुदत सप्टेंबरपर्यंत. घरी असतो तर मी त्याला हळूच चिमटा काढला असता. तो मात्र शांतपणे म्हणाला, "आज चाक फिरेल, ते ऑगस्टपर्यंत दिसेल." मग थोडे थांबून, "डांबरी वाटेवरून दोन गाड्या देतो, ज्यांच्याजवळ डॉक्टरची चिठ्ठी असेल त्यांना. वाटेखाली चाक उतरले की गाडी परत."

सव्वाशेंपैकी साठ खेळले. उरलेले पलीकडच्या गावी गेले. तिथे गाड्या मिळत होत्या. अध्यक्ष आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

आता वाचकांची अपेक्षा असेल की पलीकडच्या गावाची खोड मोडली आणि आमच्या भाच्याचा जयजयकार झाला. तसे काही घडले नाही. पलीकडच्यांनी पैसे केले, आणि जुलैत त्यांच्या फेअरवेवर वाळलेल्या चाकोऱ्यांत चेंडू अडकत होते, हेही खरे. पण आमच्याकडेही नुकसान चुकले नाही. ओल्या वसंतात मुळांना खोल जायला कारण नसते आणि जायला हवाही नसते. ती वरवर पसरतात. मग जुलैचे ऊन तापले की त्यांना खालचे पाणी सापडत नाही. वसंताच्या पावसाची उधारी उन्हाळा वसूल करतो. ओढ्याकाठच्या सातव्या ग्रीनचा तिसरा हिस्सा पिवळा पडून मेला. समितीत प्रश्न आला: तेव्हा बंद ठेवली होती ना, मग मेली कशी? पोराने सांगितले, "बंद ठेवली म्हणून दोन हिस्से राहिले." यावर एक सभासद हसले, एवढीच त्याची नोंद.

मुख्य कारभारी काठी टेकीत कामावर परतले. त्यांनी सातवी ग्रीन पाहिली, बाकीच्या सतरा पाहिल्या, फेअरवेवरून काठीने टोचत शेवटपर्यंत चालत गेले, आणि भाच्याला काही न बोलता मेलेले गवत कापून काढायला स्वतः वाकले. त्या गुडघ्याने! मागच्या अंगणात ठिगळांसाठी राखलेली हिरवळ असते, तिचे तुकडे दोघांनी मिळून बसवले. ऑगस्टअखेर समितीने कागदांवर सही केली. अध्यक्षांनी सर्वांत शेवटी केली, पण केली.

सप्टेंबरात त्याचा फोन आला. वसंतात पावसामुळे राहून गेलेले काम त्यांनी हाती घेतले होते: अठराही ग्रीनना दर दोन इंचांवर भोके पाडून वाळू भरायची. असे झाले की पंधरा दिवस चेंडू नीट घरंगळत नाही, आणि खेळाडू खवळतात.

"काय म्हणतात लोक?" मी विचारले.

"शिव्या देताहेत मामा," तो आनंदाने म्हणाला. "भोके फार सुरेख पडली आहेत. मातीला वास नाही."