केबल निळी की पिवळी?

लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तापकीर गल्ली, नेटवर्क केबल घेताना रंगावर अडून बसणारं गिऱ्हाईक भेटतंच. निळी जोरात पळते, करडी जुनी झाली, असा काहीसा समज असतो. वेगाशी आवरणाच्या रंगाचा काडीचाही संबंध नाही. ऑफिसांत रंग वापरतात ते कॅमेऱ्याची केबल कुठली नि फोनची कुठली हे ओळखता यावं म्हणून, आणि तेही प्रत्येकजण आपापल्या सोयीने. काळ्या रंगाला मात्र थोडं काम आहे. बाहेर वापरायच्या केबलच्या आवरणात मिसळलेला कार्बन उन्हातल्या अतिनील किरणांपासून प्लॅस्टिक वाचवतो. गच्चीवरून ओढायची केबल तशीच घ्यावी. टिकते जास्त, पळते तेवढीच.

वाचायची असतात ती आवरणावर छापलेली बारीक अक्षरं. 'कॅट ५ई' १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट नेते. 'कॅट ६' दहा गिगाबिट नेऊ शकते, पण साधारण ५५ मीटरपर्यंतच. 'कॅट ६ए' पूर्ण १०० मीटर. घरी ३०० एमबीपीएसचा प्लॅन असेल तर ५ई भरपूर झाली. 'सीसीए' म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. स्वस्त असतं, पण तार लवकर मोडते आणि रोधही जास्त.

रंगांचा खरा खेळ आवरणाच्या आत आहे. आठ तारा, चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येक जोडीला पीळ असतो आणि शेजारच्या जोडीतून येणारा गोंगाट त्या पिळामुळेच आटोक्यात राहतो. कनेक्टरमधल्या तिसऱ्या आणि सहाव्या जागी एकाच जोडीच्या तारा यायला हव्यात. घाईतला कारागीर जोड्या एकापुढे एक सरळ लावून मोकळा होतो. दोन्ही टोकं सारखीच असल्याने साध्या टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात आणि काम 'ओके' ठरतं. प्रत्यक्षात जोडी फुटलेली असते, गोंगाट वाढतो आणि वेग कोसळतो.

एखादी तार नीट बसलीच नाही, तरी नेट चालू राहू शकतं. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोन पुरतात; त्यामुळे यंत्रं बऱ्याचदा मुकाट्याने शंभरावर उतरतात. शिव्या खातो तो नेटवाला. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'लिंक स्पीड' दिसतो. राउटर गिगाबिटचा असूनही तिथे १०० दिसत असेल, तर कस्टमर केअरला फोन लावण्याआधी ते टोक कापून नवं क्रिंप करून घ्यावं.