त्यानं पोट भरते काय?

आमच्या संग्रामपूर तालुक्यात एक प्रश्न फार जुना आहे. तो विचारायला वय लागत नाही, शिक्षण लागत नाही आणि उत्तर ऐकून घ्यायची सवड तर मुळीच लागत नाही. पोरगा भजनात मृदंगावर रमला, पोरगी रांगोळीच्या ठिपक्यांतून मोर उठवू लागली, एखादा शाळेच्या मैदानावर वाऱ्यासारखा धावला, की ओट्यावरून आवाज येतो : "त्यानं पोट भरते काय?" झाले! मृदंग खाली ठेवला जातो, रांगोळीचा डबा फळीवर जातो आणि धावणारे पाय शिकवणीच्या वर्गाकडे वळतात. या चार शब्दांनी आमच्याकडचे जेवढे गुण मारले, तेवढे दुष्काळानेही मारले नसतील. दिवाळीच्या फराळात हा कडू घास वाढतो आहे, म्हणून वाचकांनी राग मानू नये. गोडाधोडासाठी अंकाची बाकीची पाने आहेतच.

हा प्रश्न विचारणाऱ्या सगळ्यांना मी एकाच काठीने हाकणार नाही. आमचा तालुका खारपाणपट्ट्यातला. वर सातपुडा, खाली पूर्णा, आणि मधल्या कितीतरी गावांतल्या विहिरींना खारे पाणी. मूत्रपिंडाच्या दुखण्याने ओसाड झालेली घरे आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. ज्याच्या घरातले एक माणूस दवाखान्यात आहे आणि ज्याचा कापूस व्यापाऱ्याच्या काट्यावर निम्म्याने उतरतो आहे, त्याने पोराच्या हातातले टाळ काढून विळा दिला, तर त्याला शहाणपण शिकवणारा मी कोण? भुकेला माणूस भुकेचाच प्रश्न विचारणार. त्याच्यापुढे मी मान खाली घालतो.

पण गंमत अशी, की हा प्रश्न सर्वांत मोठ्या आवाजात विचारतो तो भुकेला माणूस नव्हेच! ज्याचा पगार पहिल्या तारखेला होतो, ज्याच्या दारात मोटार उभी आहे, तो गृहस्थ हा प्रश्न विचारतो. पोराच्या शिकवणीसाठी लाखभर रुपये मोजताना त्याचा हात थरथरत नाही. घरातल्या जुन्या पेटीची भाते दुरुस्त करायची म्हटली की मात्र त्याला महागाई आठवते. त्याला काळजी पोटाची नाही, शेजाऱ्याची आहे. शेजाऱ्याचा मुलगा डॉक्टर होणार आणि आपला तबला वाजवीत बसणार, ही त्याची खरी पोटदुखी. तिला तो पोट भरण्याची चिंता म्हणतो, इतकेच.

तरी त्याला त्याच्याच हिशेबात आधी उत्तर देऊ. आमच्याच बुलढाणा जिल्ह्यात मेहकरला ना. घ. देशपांडे राहत असत. पोटासाठी वकिली करीत आणि कविता लिहीत. त्यांची 'शीळ' जी. एन. जोशींच्या तबकडीवरून महाराष्ट्रभर घुमली आणि १९८६ साली 'खूणगाठी' या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वकिलीने कवितेला उपाशी ठेवले नाही आणि कवितेने वकिलीला. बुलढाण्याच्याच प्रथमेश जावकरने २०२३ साली शांघायला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या माइक श्लोसरला हरवून तिरंदाजीच्या विश्वचषक स्पर्धेत सुवर्णपदक घेतले. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे शिक्षकाचा मुलगा. रेल्वेत नोकरी करता करता २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक घेऊन आला. आणि 'आपल्या वऱ्हाडात कुठले आले हे सारे?' असे म्हणणाऱ्यांना आठवण देतो, की अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवून आले होते.

आता तो गृहस्थ म्हणेल, "बरोबर आहे. पदक मिळत असेल, नोकरी लागत असेल, तर आमची ना नाही."

नेमके इथेच माझे आणि त्याचे भांडण सुरू होते. कारण पदकांची ही यादी वाचून मी थांबलो, तर मीही त्याच्याच प्रश्नाचा चाकर ठरेन. एका प्रथमेशमागे हजारो पोरे अशी असतात, की ज्यांचा बाण सोन्याच्या वर्तुळात कधीच लागणार नाही. त्यांनी काय करावे? धनुष्य चुलीत घालावे?

अहो, दिवाळीला आपल्या घरी करंजी होते. तिला मुरड का घालतात? काठ नुसते दाबून बंद केले, तरी करंजी पोटात जातेच आणि पोटही तेवढेच भरते. तरीही घरची बाई पाठ मोडेपर्यंत बसून मुरड घालते, कारण माणूस केवळ पोटासाठी जेवत नाही. दारात रांगोळी काढल्याने धान्याची कोठी भरते काय? मग ती का काढता? आणि त्याच गृहस्थाच्या घरी कुणी गेले, की रात्रभर बसायला भजनी मंडळ लागते. गावची दिंडी शेगावला निघाली, की पुढे मृदंग लागतो. म्हणजे वाजवणारा हवा आहे. तो शेजाऱ्याच्या घरचा असला म्हणजे झाले! साऱ्या गावाने असाच हिशेब केला, तर उद्या तुमच्या-आमच्या मढ्यापुढे भोंग्यावरच्या रेकॉर्डी वाजतील.

दुसरी एक जात अलीकडे निघाली आहे. ती कलेला नको म्हणत नाही, उलट तिची फार तारीफ करते. शासकीय रेखाकला परीक्षांची श्रेणी असली, की दहावीला वाढीव गुण मिळतात, एवढे तिला कळले आहे. मग पोराला एलिमेंटरीला बसवायचे, इंटरमिजिएटला बसवायचे, रंगाची पेटी आणायची. श्रेणी पदरात पडली, की पेटी माळ्यावर! गुण देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण चित्राची किंमत आपण टक्क्यांत केली, आणि टक्के हाती आल्यावर चित्राचे काम उरले नाही. माळ्यावरच्या त्या वाळलेल्या रंगांकडे पाहिले, की निरक्षर बापाचा 'पोट भरते काय' हा प्रश्न मला अधिक प्रामाणिक वाटतो.

तिसरी जात मैदानाच्या कडेला उभी असते. पोरगा बाद झाला, की ह्यांचा चेहरा उतरतो. घरी जाईपर्यंत पोराला बोलणी. हे मूल जोपासणे नव्हे, ही शर्यतीच्या बैलाला पराणी टोचणे आहे. प्रा. रमेश तेंडुलकर कवी होते, मुंबईत मराठी शिकवीत. त्यांच्या धाकट्या मुलाला कवितेपेक्षा बॅट प्रिय. थोरला भाऊ अजित त्याला शिवाजी पार्कवर आचरेकर सरांकडे घेऊन गेला; मैदान जवळ पडावे म्हणून घरच्यांनी त्याची शाळा बदलली, त्याला काका-काकूंकडे राहू दिले. आपली वाट न धरणाऱ्या मुलाला त्याच्या वाटेने जाऊ द्यायला मोठे काळीज लागते. ते फीच्या पावतीबरोबर मिळत नाही.

आणि मुलींचे काय सांगावे! आमच्या शाळांच्या खो-खोत सातवीपर्यंत पोरी अशा पळतात, की पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावे. आठवी-नववीत त्यातल्या निम्म्या मैदानातून नाहीशा होतात. दुखापत झालेली नसते. मोठ्या झालेल्या असतात. आता त्यांना पाणी भरायचे असते, धाकट्याला सांभाळायचे असते आणि 'लोक काय म्हणतील' हे सांभाळायचे असते. साताऱ्याकडच्या एका शिक्षकाने मुलीला तिरंदाजी शिकता यावी म्हणून खेडे सोडून साताऱ्याला बिऱ्हाड केले. ती आदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला, सतराव्या वर्षी, जगज्जेती झाली. ती जिंकली नसती, तरी त्या बापाचे पाऊल माझ्या लेखी तेवढेच मोठे होते. आपण बिऱ्हाड हलवू नये. संध्याकाळचा एक तास मुलीच्या डोक्यावरचा हंडा उतरवावा. एवढ्याला तरी कुठे पैसे पडतात?

मात्र सगळे खापर आईबापांच्या डोक्यावर फोडून मोकळे होणाऱ्या भाषणबाजांनाही मी सोडणार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे परिशिष्ट त्यांनी एकदा वाचावे. शाळेला मैदान असावे, असे त्यात आहे. पण कला आणि शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक मिळणार तो सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असतील तर! सातपुड्याच्या पायथ्याच्या लहान गावात तेवढी मुले आणायची कुठून? तिथली आदिवासी पोरे चढण अशी धावतात, जशी आपण उतरणही धावू शकणार नाही. पण नव्वद मुलांच्या शाळेला कायद्याने गाणे नाही, चित्र नाही, खेळ शिकवणारा नाही. जणू गुण शंभरावरच्या पटालाच फुटतात! आणि चांगले मार्गदर्शन हवे, तर जिल्ह्याच्या गावाला जाऊन-येऊन दिवस मोडतो. मजुरी बुडवून कोणता बाप रोज जाईल?

१९५२ साली गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीला निघाले, तेव्हा पैसा नव्हता. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते बापाने नव्हे, गुरुजनांनी आणि गावाने जोपासलेले पोर होते. आज आमच्या गावांत देवळांच्या कळसाला वर्गणी होते, मिरवणुकीच्या भोंग्यांना वर्गणी होते. गावच्या चार मुलांना शिकवायला महिन्यातून आठ दिवस एक जाणता माणूस आणायचा, त्याच्या जाण्यायेण्याला वर्गणी का होऊ नये?

वारकऱ्यांना हे कधीच कळले होते. देवळात काकड्याला सात वर्षांचे पोर टाळ घेऊन मोठ्यांच्या रांगेत बसते. त्याला कुणी फी विचारत नाही, नंबर विचारत नाही, चुकला तर हसत नाही. शेजारचा म्हातारा नुसता आपला टाळ जरा मोठ्याने वाजवतो, आणि पोर ठेक्यावर येते. जोपासणे म्हणतात ते याला. शेजारी बसायचे, ठेका धरायचा, आणि पोराचा हात बसला की आपला आवाज कमी करायचा.

तेव्हा संग्रामपूरकरांनो, या दिवाळीत तो प्रश्न एकदाचा ओट्यावरून खाली उतरवा. पोट भरायला तुमच्या पोराला उभा जन्म पडला आहे, आणि तो ते भरीलच. तुम्ही भरलेत, तुमच्या बापाने भरले. पण मृदंगावर हात बसायचे वय चार-सहा वर्षांचे असते. ते निघून गेले, तर भरल्या पोटाने जन्मभर तो कशावर थाप मारणार आहे, ते आधी मला सांगा.