विश्लेषण : अमेरिकेतील शाळांच्या वर्गात 'दहा आज्ञा' लावण्यावरून वाद का?

अमेरिकेतील लुइझियाना राज्याने जून २०२४ मध्ये एक कायदा केला. बालवाडीपासून सरकारी विद्यापीठापर्यंत प्रत्येक वर्गात बायबलमधील दहा आज्ञांचे पोस्टर लावायचे. आकार किमान ११ बाय १४ इंच आणि अक्षर मोठे, सहज वाचता येईल असे. २०२५ मध्ये आर्कान्सा आणि टेक्सासनेही असेच कायदे केले. टेक्सासने तर पोस्टरचा आकार किमान १६ बाय २० इंच ठरवला. तिन्ही राज्यांत पालक न्यायालयात गेले. एका पोस्टरवरून इतका वाद कशासाठी, हे समजून घ्यायचे तर सव्वादोनशे वर्षे मागे जावे लागते.

अमेरिकेची राज्यघटना काय सांगते?

१७९१ मधील पहिल्या घटनादुरुस्तीत धर्माबाबत दोन गोष्टी आहेत. सरकारने कोणत्याही धर्माची स्थापना करणारा कायदा करायचा नाही आणि कोणाच्याही धर्माचरणात अडथळा आणायचा नाही. धर्म आणि राज्य यांच्यातील 'भिंत' हा शब्द मात्र घटनेत नाही. अध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी १ जानेवारी १८०२ रोजी कनेक्टिकटमधील डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना लिहिलेल्या पत्रात तो आला.

हे बॅप्टिस्ट नास्तिक नव्हते, चांगले श्रद्धाळू होते. पण त्यांच्या राज्यात काँग्रिगेशनल चर्चला सरकारी आश्रय होता आणि तो १८१८ पर्यंत टिकला. म्हणजे ही भिंत धर्म नको असणाऱ्यांनीच मागितली, हा समज चुकीचा आहे. दुसऱ्या पंथाच्या सरकारी वर्चस्वाचा अनुभव घेतलेल्यांनाही ती हवी होती.

सुरुवातीला हे बंधन फक्त केंद्र सरकारवर होते. १९४७ मध्ये 'एव्हर्सन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते राज्यांनाही लागू केले. शाळा राज्यांच्या अखत्यारीत असल्याने खरा संघर्ष तिथून पुढे सुरू झाला.

शाळांसाठी नियम इतका कडक का?

आधी एक खुलासा. आपल्याकडे 'पब्लिक स्कूल' म्हटले की महागडी खासगी शाळा डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत मात्र पब्लिक स्कूल म्हणजे करदात्यांच्या पैशांवर चालणारी मोफत सरकारी शाळा. शिक्षण सक्तीचे असते, मुले लहान असतात आणि शिक्षकाचा शब्द त्यांच्यासाठी शेवटचा असतो. न्यायालयाने वेळोवेळी हाच मुद्दा धरला.

१९६२ च्या 'एंगल विरुद्ध व्हिताल' खटल्यातील न्यूयॉर्कची प्रार्थना अवघ्या २२ इंग्रजी शब्दांची होती. ती कोणत्याही एका पंथाची नव्हती आणि नको असेल त्या मुलाला गप्प बसण्याची किंवा वर्गाबाहेर जाण्याची मुभा होती. तरीही न्यायालयाने ६ विरुद्ध १ अशा बहुमताने ती घटनाबाह्य ठरवली. प्रार्थना रचणे हे सरकारचे काम नाही, असा त्या निकालाचा आशय. पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातील शाळांमध्ये रोज बायबलची दहा वचने वाचण्याची सक्तीही गेली.

१९९२ चा 'ली विरुद्ध वाइझमन' खटला तर आणखी बोलका आहे. ऱ्होड आयलंडमधील शाळेने पदवीदान समारंभात प्रार्थनेसाठी ज्यू रब्बींना बोलावले. त्याविरुद्ध न्यायालयात गेलेले कुटुंबही ज्यूच होते. प्रार्थना आपल्या धर्माची असली तरी शाळेने ती सगळ्यांवर लादू नये, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने ते ५ विरुद्ध ४ मतांनी मान्य केले.

मग शाळेत प्रार्थनेला बंदी आहे का?

नाही. हा सर्वाधिक पसरलेला गैरसमज आहे. विद्यार्थी डबा खाण्यापूर्वी प्रार्थना करू शकतो, मधल्या सुट्टीत धर्मग्रंथ वाचू शकतो. १९८४ च्या कायद्यानुसार माध्यमिक शाळेत इतर क्लबना परवानगी असेल तर विद्यार्थ्यांच्या धार्मिक क्लबलाही ती द्यावी लागते. इतिहास किंवा साहित्य म्हणून बायबल शिकवायलाही हरकत नाही. फक्त प्रार्थनेची सूचना, वेळ आणि मजकूर सरकारी पगार घेणाऱ्याकडून येता कामा नये.

२०२२ मध्ये काय बदलले?

वॉशिंग्टन राज्यातील ब्रेमरटन येथील शाळेचा फुटबॉल प्रशिक्षक सामन्यानंतर मैदानाच्या मध्यभागी गुडघे टेकून प्रार्थना करत असे. ती त्याची वैयक्तिक प्रार्थना होती, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ असा निकाल त्याच्या बाजूने दिला. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी असहमतीच्या निकालपत्रात थेट छायाचित्रेच जोडली. त्यांत प्रशिक्षकाभोवती गुडघे टेकलेले खेळाडू दिसतात. प्रार्थनेत सामील झालो नाही तर खेळायला कमी मिळेल, अशी भीती एका नास्तिक खेळाडूला वाटत असल्याची तक्रार त्याच्या वडिलांनी केली होती.

या निकालाने १९७१ पासूनचा 'लेमन' निकष बाजूला पडला. त्यात कायद्याचा हेतू धर्मनिरपेक्ष आहे का, त्याचा परिणाम काय आणि सरकार धर्मात किती गुंतते, हे तपासले जाई. आता 'इतिहास आणि परंपरा' ही कसोटी आली. दहा आज्ञांचे कायदे याच कसोटीच्या भरवशावर झाले आहेत. वास्तविक केंटकी राज्याचा असाच कायदा १९८० मध्ये रद्द झाला होता आणि तिथे पोस्टर देणगीतून लावले जाणार होते.

पोस्टरबाबत न्यायालये काय म्हणाली?

लुइझियानाचा कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालयाने रोखला. जून २०२५ मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनीही तो घटनाबाह्य ठरवला. त्यानंतर त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने फेरसुनावणी घेण्याचे ठरवले. टेक्सासमध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयाने खटल्यातील शाळांपुरती मनाई केली. दहा आज्ञा हा अमेरिकी कायद्याचा ऐतिहासिक पाया आहे, मुलांनी तो पाहण्यात गैर काय, असा कायद्याच्या समर्थकांचा युक्तिवाद आहे.

इतिहासाची कसोटी कितपत टिकते?

इथेच खरी अडचण आहे. १७९१ मध्ये आजच्यासारखी सरकारी शाळांची व्यवस्थाच नव्हती. मग तिथली परंपरा शोधायची कुठे? आणि १९ व्या शतकाचा दाखला घ्यायचा तर तो समर्थकांना सोयीचा नाही. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात दंगली उसळल्या, चर्च जाळली गेली, माणसे मेली. त्यामागच्या वादांपैकी एक होता, सरकारी शाळेत बायबल वाचायचे ते प्रोटेस्टंटांचे की कॅथलिकांचे? दोन्ही बाजू ख्रिस्तीच होत्या.

दहा आज्ञांचेही तसेच. ज्यू, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट परंपरांत त्यांची विभागणी आणि क्रम वेगवेगळे आहेत. त्यामुळे पोस्टर लावायचे म्हटले की सरकारला एक पाठ निवडावाच लागतो. उरलेल्यांना दुय्यम ठरवल्याशिवाय ही निवड होत नाही.

टेक्सासमधील वादींमध्ये ज्यू, ख्रिस्ती आणि कोणताच धर्म न मानणारे पालक आहेत. एक हिंदू पालकही आहेत. दुसरा देव मानू नका, मूर्ती करून तिची पूजा करू नका, हे या आज्ञांपैकी अगदी सुरुवातीचे आदेश. घरी गणपतीपुढे हात जोडणाऱ्या मुलाने वर्गात रोज हे वाचायचे आणि शाळा आपलीही आहे असे मानायचे, ही अपेक्षा योग्य कशी म्हणता येईल? टेक्सासमधील मराठी कुटुंबांसाठी हा प्रश्न पुस्तकी नाही.

पूर्णपणे सरकारी पैशांवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण नको, असे भारतीय राज्यघटनेचा अनुच्छेद २८ सांगतो. अनुभव वेगळे असले तरी दोन्ही देशांच्या घटनांमागचे शहाणपण सारखे आहे. मुलाला घरचा धर्म मोकळेपणाने पाळता यावा यासाठी शाळेने कोणत्याही धर्माचे यजमानपद घेऊ नये. बहुसंख्याकांना आज पोस्टर आपल्या बाजूचे वाटेल. पण निवडीचा अधिकार एकदा सरकारच्या हाती गेला की पुढचा मजकूर कोण लिहील, याची हमी कोणालाच नाही. डॅनबरीच्या श्रद्धाळूंना हे १८०२ मध्येच कळले होते.