फोटो काढणं गुन्हा नाही



बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी या भागात भाड्याच्या खोल्या करून राहणारी आपली पोरं बरीच झाली आहेत. कोणी कन्नड-सोयगावच्या डोंगरातलं, कोणी वैजापूरच्या भिल्ल वस्तीवरचं, कोणी थेट सातपुड्यातनं आलेलं. वाळूज एमआयडीसीत कंत्राटावर राबायचं आणि पेरणीला, ग्रामसभेला, दाव्याच्या पाहणीला गावी जायचं, असं त्यांचं चाललेलं असतं. ज्याच्या नावावर जमिनीचा एक कागद नाही, त्याच्याही खिशात आज मोबाईल आहे, म्हणजे कॅमेरा आहे. म्हणून बैठकीत हल्ली दोन प्रश्न हमखास निघतात. एक, साहेबाचा किंवा पोलिसाचा फोटो काढला तर केस होते का? दुसरा, गावात अनोळखी माणूस फोटो काढत फिरत असेल तर त्याचं काय करायचं? दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकत्रच दिलं पाहिजे. का, ते पुढं येईल.

आधी पहिला प्रश्न. रस्ता, बाजार, मोर्चा, तहसीलचं आवार, बुलडोझर लागलेलं शेत या सगळ्या उघड्या जागा आहेत. तिथं डोळ्याला जे दिसतं त्याचा फोटो काढू नये असा सरसकट कायदा या देशात नाही. घटनेच्या कलम १९ नं बोलण्याचं आणि मत मांडण्याचं जे स्वातंत्र्य दिलं, त्यात चित्र काढून दाखवणंही आलं. लष्कराच्या जागा आणि सरकारनं कायद्यानं जाहीर केलेली प्रतिबंधित ठिकाणं वेगळी. कंपनीच्या आवारात कंपनीचा नियम चालतो, तो पाळायचा. पण गेटच्या बाहेर, सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून गेटवर चिकटवलेल्या नोटिशीचा फोटो काढला, तर सिक्युरिटीवाल्याला मोबाईल हिसकायचा किंवा फोटो पुसायला लावायचा कसलाही अधिकार नाही.

तरी दम दिला जातो. त्यासाठी हमखास वापरला जाणारा कायदा म्हणजे शासकीय गुपिते कायदा, १९२३. इंग्रजानं हेरांसाठी केलेला. हा कायदा आपल्या माणसांना नवा नाही. १९८८ साली गुजरात सरकारनं सरदार सरोवर धरणाच्या परिसराला हाच कायदा लावला होता. ज्यांची घरं-शेतं बुडणार होती, त्या अक्कलकुवा-अक्राणीच्या लोकांनाच धरणाची माहिती म्हणजे गुपित! लोकांनी तो मानला नाही, हजारोंनी जाऊन अटक करून घेतली.

आता अलीकडचं ऐका. वर्ध्याच्या पोलीस ठाण्यात एका माणसानं मोबाईलवर चित्रीकरण केलं म्हणून त्याच्यावर या कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं जुलै २०२२ मध्ये तो रद्द केला. कारण सरळ होतं. कायद्यात प्रतिबंधित ठिकाणांची यादी दिलेली आहे आणि त्या यादीत पोलीस ठाणं नाही. पुढं पाथर्डीच्या पोलीस ठाण्यात पोलिसाशी झालेलं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं म्हणून तसाच गुन्हा लावला गेला. तो खटला आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापुढं आला. सप्टेंबर २०२४ मध्ये याही खंडपीठानं तेच सांगितलं आणि गुपिते कायद्याचं कलम काढून टाकलं. पण दमदाटीच्या कलमाचा प्रश्न खालच्या कोर्टावर सोडला. यातनं धडा घ्यायचा तो असा: मोबाईल चालू असताना तोंड आवरायचं. शिवी दिली, धमकी दिली, अंगावर गेलात, तर केस फोटोची होत नाही, त्या शिवीची होते.

आणखी एक गोष्ट पाठ करा. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्ती करताना पोलिसांनी स्वतःच चित्रीकरण करायचं आहे, आणि शक्यतो मोबाईलवर करायचं असं कायद्यातच लिहिलंय. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवायला सांगितलं ते वेगळंच. म्हणजे जे काम साहेबानं कॅमेऱ्यापुढं करायचं असा कायदा आहे, ते काम आपल्या कॅमेऱ्यात आलं तर बिघडलं काय?

आपल्यासाठी ही हौस नाही. फोटो सगळ्यात जास्त काढले जातात ते आपलेच. गार्ड येतो, उभ्या पिकाचा फोटो काढतो आणि अतिक्रमण म्हणून लिहितो. गायरानावरच्या झोपडीचा फोटो पंचनाम्याला जोडला जातो. स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाण मोजलं, पण वनजमिनीवरचा आपला प्लॉट तसाच मोजायचा राहिला. उपग्रहाच्या चित्रात हिरवं दिसलं म्हणून कसणाऱ्याचा दावा फेटाळायचा, हेही पाहिलं. खरं तर वनहक्क नियमांत २०१२ ला दुरुस्ती झाली आणि उपग्रहाचं चित्र इतर पुराव्याला जोड म्हणून घ्यावं, त्याच्या जागी घेऊ नये असं स्पष्ट लिहिलं गेलं. नियम १३ मध्ये बांध, सपाटीकरण, घर, विहीर, दफनाची जागा, देवाची जागा, म्हाताऱ्या माणसांचे जबाब हे सगळं पुरावा म्हणून धरलंय. आज काढलेला फोटो १३ डिसेंबर २००५ चा ताबा एकटा सिद्ध करत नाही. पण बांधावरचं जुनं झाड, बापानं रचलेली ताल, आजीची माती दिलेली जागा तो दाखवतो आणि जबाबाला बळ देतो. पाहणीच्या दिवशी कोण आलं, कोण आलं नाही, हेही दाखवतो.

फोटोची ताकद किती असते ते २०१८ च्या मार्चमध्ये सगळ्या देशानं पाहिलं. नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेलेल्या शेतकरी-आदिवासींच्या लाँग मार्चमधल्या सोलून निघालेल्या पायांचे फोटो घराघरांत गेले. वनजमिनीची मागणी वर्षानुवर्षं निवेदनांत पडून होती. शहरातली माणसं ते पाय बघून पाणी घेऊन रस्त्यावर आली. ते फोटो काढणाऱ्याला कुणी वाटेत अडवलं असतं तर?

आता दुसरा प्रश्न. हा आपल्याला जास्त टोचणार आहे, पण बोललंच पाहिजे.

१ जुलै २०१८. साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आदिवासी गाव, आठवडी बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथं आले. भिक्षा मागून जगणारी, जमीन नसलेली माणसं. मुलं पळवणारी टोळी आली, असा बोभाटा झाला. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. काही जण मारत होते आणि काही जण मोबाईलवर ते चित्रित करत होते. त्याच्या आधी जूनमध्ये आपल्याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातल्या चांडगावला चोर समजून जमावानं दोघांचा जीव घेतला होता.

त्या दिवसांत मोबाईलवर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक मूळचा पाकिस्तानातल्या कराचीचा होता. मुलांना जपा असं सांगण्यासाठी बनवलेली ती जाहिरात. शेवटची सूचना कापली, खाली खोटी ओळ लिहिली आणि जाहिरातीचा पुरावा झाला! फोटो खरा असून भागत नाही, त्याच्याबरोबर काय सांगितलं जातं ते तपासावं लागतं. आपल्या प्लॉटच्या फोटोखाली गार्ड ‘अतिक्रमण’ लिहितो तेव्हा आपण हेच म्हणतो ना?

अनोळखी माणूस मोबाईल काढून घराकडं, पोराकडं धरतो तेव्हा पोटात गोळा येतो, हे खरंय. त्याला कारणंही आहेत. ज्याच्या गावात माप घेणारा आला आणि मागून जेसीबी आला, त्यानं माप घेणाऱ्याकडं संशयानं पाहिलं तर नवल नाही. आपल्या बायकांचे फोटो न विचारता काढून त्यांची प्रदर्शनं भरवणारेही पुष्कळ. अंदमानात तर जारवा बायकांना खाऊ दाखवून पर्यटकांपुढं नाचवल्याचा व्हिडिओ २०१२ ला बाहेर आला, आणि मग कायदा कडक करावा लागला. तेव्हा विचारायचा हक्क आपला आहेच. कोण तुम्ही, कुठले, कशाला काढता, हे विचारणं गैर नाही. ‘माझा काढू नका’ म्हणणंही गैर नाही. बाई अंघोळ करत असताना, कपडे बदलत असताना कोणी फोटो काढला तर न्याय संहितेच्या कलम ७७ प्रमाणे तो गुन्हाच आहे, तक्रार करायची.

पण विचारणं वेगळं आणि धरून मारणं वेगळं. फोटो काढला म्हणून कोणी चोर ठरत नाही. गावात येणाऱ्या माणसांत सर्व्हे करणारी पोरगी असते, पत्रकार असतो, भंगार वेचणारा असतो, बहुरूपी असतो, वाट चुकलेला असतो. आणि बजाजनगरच्या गल्लीत संध्याकाळी मोबाईल घेऊन उभं राहिलेलं आपलं भिल्लाचं पोरगंही तिथल्या लोकांना अनोळखीच असतं. चोरी झाली की पारध्याला, भिल्लाला आधी उचलायचं, ही पोलिसांची रीत इंग्रजाच्या काळापासूनची. १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, संशय राहिला. त्या संशयाखाली पिढ्या काढलेल्या माणसांनी तोच संशय डवरी गोसाव्यावर चालवला, तर मग पोलिसाला कुठल्या तोंडानं जाब विचारायचा?

म्हणून हे दोन प्रश्न एकच आहेत. उघड्या जागी फोटो काढायचा हक्क आपल्याला पाहिजे असेल, तर तो आपल्या गावात येणाऱ्या परक्यालाही असला पाहिजे. एकाला देऊन दुसऱ्याचा काढता येत नाही. साहेब जसा मोबाईल बघून चिडतो तसेच आपण चिडलो, तर आपली बाजू कोर्टातही पडते आणि लोकांतही.

सगळ्या गाव समित्यांनी आणि बजाजनगर-वाळूज गटानं पुढच्या बैठकीत या गोष्टी वाचून ठरवून घ्याव्यात:

१. गावात परका माणूस फोटो काढताना दिसला तर दोघा-तिघांनी जाऊन नीट बोलावं, चहा-पाणी विचारावं, नाव-गाव वहीत लिहून घ्यावं. एक बाई सोबत असावी. संशय टिकला तर ११२ ला फोन करावा. कोणी कोणाच्या अंगाला हात लावायचा नाही, खोलीत कोंडायचं नाही.

२. मुलं पळवणारे, चोर, ड्रोन असा मेसेज आला की पुढं ढकलू नये. कुठल्या गावात, कोणाचं पोर, कधी, हे विचारावं. उत्तर नसेल तर मेसेज तिथंच मारावा.

३. पाहणी, अतिक्रमण काढणं, अटक अशा वेळी एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं लांबून शूटिंग करायचं. शूटिंग करणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही.

४. मूळ फोटो मोबाईलमधून पुसू नये. व्हॉट्सअ‍ॅपवरून गेलेली कॉपी बारीक होते. कोर्टात द्यायची वेळ आली तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. तारीख, जागा, काढणाऱ्याचं नाव वहीत त्याच दिवशी लिहावं.

५. मोबाईल जप्त करतो म्हणाले तर भांडू नये, पंचनामा आणि पावती मागावी. पावती देत नसतील तर त्याच दिवशी लेखी तक्रार करावी.

६. आपल्या कार्यकर्त्यांनीही विचारल्याशिवाय कोणाचा जवळून फोटो काढू नये. अत्याचार झालेल्या लेकराचा फोटो तर कुठंही टाकू नये, पोक्सो कायद्यात तो गुन्हा आहे.

गार्डच्या कॅमेऱ्यात आपण अतिक्रमणवाले आहोत. आपल्या कॅमेऱ्यात आपण कसणारे आहोत, आणि तेच खरं आहे. ते खरं दाखवायचं तर कॅमेरा हातात धरणाऱ्या कुठल्याही माणसाला आपल्या शिवारात सुखरूप फिरता आलं पाहिजे. एवढी जबाबदारी प्रत्येक गाव समितीनं घ्यावी.

जिंदाबाद!