गालिच्याचे मोल आणि विणकराचा मेहनताना

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील अर्दबीलचा गालिचा हिजरी ९४६, म्हणजे इ. स. १५३९-४० सालचा आहे. साडेदहा मीटर लांबीच्या या गालिच्यात अडीच कोटींहून अधिक गाठी आहेत. दिवसाला दहा हजार गाठी मारणारा एकटा विणकर असता, तर एकही खाडा न करता त्याची जवळजवळ सात वर्षे यात खर्ची पडली असती. गालिच्यावर मात्र मकसूद काशानी हे एकच नाव आहे. मागावर बसलेल्या इतर हातांची नोंद नाही.

जुन्या इराणी गालिच्यांचे आकर्षण निव्वळ श्रीमंती हौस नव्हे. मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा तांबडा आणि निळीचा निळा रंग काळाबरोबर विटत नाही, मवाळ होतो. हाताने रंगविलेल्या लोकरीच्या दोन खेपांत छटेचा फरक पडतो. तो दोष न मानता रसिक त्यास सौंदर्य मानतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त रासायनिक रंग आले आणि या गुणांची महती अधिकच पटली.

परंतु किमतीचे शास्त्र निराळे आहे. मागणी वाढली म्हणून सतराव्या शतकातील गालिचा आज नव्याने विणता येत नाही. पुरवठा गोठलेला असल्याने वाढती किंमत सारी मालकाच्या पदरात पडते. २०१३ साली न्यूयॉर्कच्या लिलावात असाच एक गालिचा ३ कोटी ३७ लाख डॉलरना विकला गेला. त्यातील एक कवडीही कोणा विणकरास मिळणे शक्य नव्हते.

जिवंत विणकराचे नशीब नव्या मालाच्या बाजारावर अवलंबून असते. काशान आणि फार्स येथील विणकामाला युनेस्कोने २०१० साली मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली. त्याच वर्षी अमेरिकेने इराणी गालिच्यांची आयात रोखली. २०१६ मध्ये उठलेली ही बंदी २०१८ साली पुन्हा आली. सन्मानपत्राने चूल पेटत नाही. पुरेसा मेहनताना नसेल, तर विणकराची मुले मागावर का बसावीत?

संग्रहालये जुने गालिचे जपतील. कसब मात्र काचेच्या पेटीत टिकत नाही. जुन्या गालिच्यापुढे माना डोलावणाऱ्यांनी आजच्या विणकराशी घासाघीस करावी, यासारखी विसंगती नाही. आजच्या गाठीला रास्त दाम मिळाला, तरच तीनशे वर्षांनी कौतुक करण्याजोगे काही उरेल.