घनसाळला पेटंट मिळालेलं नाही!

शीर्षक वाचून आजऱ्याची मंडळी अंगावर धावून येतील याची कल्पना आहे. मीही आजऱ्याचाच आहे. तेव्हा आधी पूर्ण वाचा, मग शिव्या घाला.

आमच्या आजरा घनसाळ तांदळाची २०१६ साली जीआय, म्हणजे जिऑग्राफिकल इंडिकेशन म्हणून नोंद झाली. आनंदाचीच गोष्ट. पण तेव्हापासून गावाकडे गेलं की स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, चहाच्या गाड्यावर एकच वाक्य कानावर येतं, "आपल्या घनसाळला पेटंट मिळालंय न्हवं!" पुण्यातले शिकले-सवरलेले लोकही हेच म्हणतात. दुरुस्त करायला गेलं की उत्तर ठरलेलं, "अरे शब्द कुठला का असेना, भावना समजून घे की." भावना मी समजतो हो. पण कोर्टात आणि बाजारात भावना चालत नाही, शब्द चालतो.

पेटंट हा शब्द आपल्याला खरा शिकवला तो हळदीने. हळदीने जखम भरते या गोष्टीवर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. त्या संस्थेने आव्हान दिलं आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. कशाच्या जोरावर? 'ही गोष्ट आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, हा नवा शोध नाही,' या एका मुद्द्यावर. म्हणजे जुन्या गोष्टीला पेटंट नसतं हे जगाला आपणच ठणकावून सांगितलं. आणि आता पिढ्यान्‌पिढ्या पिकवलेल्या घनसाळला पेटंट मिळालं म्हणून पेढे आपणच वाटतोय! शिवाय भारताच्या पेटंट कायद्यात वनस्पती, बियाणं आणि वाण यांना पेटंट देता येत नाही असं स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे मिळालं नाही एवढंच नव्हे, मिळूच शकत नाही.

मग हे सगळे शब्द वेगळे कसे? मी पोटासाठी कोड लिहितो, म्हणून माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. लिहिलेल्या कोडवर असतो तो कॉपीराइट. नवीन युक्तीवर मिळतं ते पेटंट, तेही वीस वर्षांपुरतं. नंतर ती युक्ती सगळ्यांची. आणि नावावर, लोगोवर असतो तो ट्रेडमार्क. रेड हॅट कंपनीच्या लिनक्सचा कोड खुला होता, म्हणून तो घेऊन सेंटओएस निघालं. कोड जवळपास तोच, पण 'रेड हॅट' हे नाव आणि ती लाल टोपी मात्र सगळीकडून पुसून काढावी लागली. वस्तू खुली, नाव बंद!

जीआय ट्रेडमार्कचा चुलतभाऊ आहे, पेटंटशी त्याचं दूरचंच नातं. तोही नावावरचाच हक्क, फक्त एका कंपनीचा नाही, एका मुलखातल्या सगळ्या उत्पादकांचा. ट्रेडमार्क विकता येतो, जीआय विकता येत नाही. दर दहा वर्षांनी नूतनीकरण केलं तर कायम टिकतो. घनसाळचं बी कुणी दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन लावलं तर जीआय त्याला अडवत नाही. त्या तांदळाच्या पोत्यावर 'आजरा घनसाळ' छापलं, तर अडवतो.

हा फरक किरकोळ वाटतोय? मग आमच्याच जिल्ह्यातल्या चप्पलचं बघा. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली. इकडे एकच गिल्ला, "आपलं पेटंट असताना चोरलंच कसं?" पण कोल्हापुरी चप्पललाही आहे तो जीआय. प्राडाने घेतला आकार, 'कोल्हापुरी' हे नाव लावलंच नव्हतं. म्हणजे नैतिकदृष्ट्या कितीही चीड आली तरी जिथे बोट ठेवायचं ती जागाच नाजूक. काही वकिलांनी जनहित याचिका केली. ती मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. जीआयचे नोंदणीकृत मालक स्वतः कोर्टात येऊ शकतात, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. आपण ज्याला ढाल समजत होतो ती निघाली नावाची पाटी!

आता म्हणाल, मराठी शब्द वापरू, 'मानांकन' म्हणू. माफ करा, पण तोही शब्द गोंधळाचाच आहे. कारखान्याला आयएसओ मानांकन, कॉलेजला नॅकचं मानांकन, टेनिसपटूला अग्रमानांकन आणि तांदळालाही मानांकन! पहिल्या तिघांत कुणीतरी परीक्षा घेऊन दर्जा ठरवतो. इंडिकेशन म्हणजे निव्वळ निर्देश, ही वस्तू कुठली आहे आणि तिचे गुण त्या मातीशी कसे जोडलेले आहेत याची खूण. 'मानांकन' म्हटलं की वाटतं बक्षीस मिळालं, शाल-श्रीफळ झालं, आता घरी जायचं.

खरी मेख इथेच आहे. पेटंट म्हटलं की ऐकणारा विचारतो, "कुणाला मिळालं?" आणि कुणाला तरी मिळालंय म्हणून गप्प बसतो. नावाचा हक्क म्हटलं तर तो विचारेल, "त्या यादीत मी आहे का?" कारण कायद्यात नोंदणी करणारी संस्था एक असली, तरी ते नाव हक्काने वापरायला प्रत्येक उत्पादकाला 'ऑथोराइज्ड यूजर' म्हणून स्वतःची नोंद करावी लागते. चुकीच्या शब्दाने हा प्रश्नच डोक्यात येऊ दिला नाही. मग भलताच तांदूळ 'आजरा घनसाळ' म्हणून शहरात विकला गेला की आपण नुसते हळहळतो.

आणि बियाण्याचं काय? त्यासाठी तिसराच कायदा आहे, २००१ चा, वाणांच्या संरक्षणाचा आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात शेतातल्या वेगळ्या लोंब्या निवडून एचएमटी तांदूळ तयार केला. मनगटी घड्याळावरून त्याचं नाव पडलं. तो वाण लाखो ताटांत पोचला आणि दादाजी २०१८ साली गरिबीतच गेले. त्यांच्या कामाला लागणारा शब्द पेटंटही नव्हता आणि जीआयही नव्हता. तो शब्द कायद्यात आला तेव्हा बी केव्हाच गावोगाव पसरलेलं होतं.

असो. इंग्रजी सुधारायचा क्लास मला काढायचा नाही. एवढंच सांगणं आहे, पुढच्या वेळी कुणी मामा-काका "घनसाळला पेटंट मिळालंय" म्हणाले तर मान डोलावू नका. "नाही मामा, नाव मिळालंय. तुमची नोंद झालीय का त्यात?" एवढं विचारा. आणि झाली नसेल तर पुढच्या सुट्टीत त्यांच्या शेजारी बसून तो अर्ज भरा. आपण इंजिनिअर लोक ऑफिसात रोज फॉर्मच तर भरत असतो. एक गावासाठी भरायला काय हरकत आहे?