वकील मिळतो, पण केव्हा?

आज राष्ट्रीय विधी सेवा दिन. विधी सेवा प्राधिकरण कायदा संसदेने १९८७ मध्ये मंजूर केला, पण तो अमलात यायला ९ नोव्हेंबर १९९५ हा दिवस उजाडावा लागला. त्या निमित्ताने आज शिबिरे होतील, पत्रके वाटली जातील, भाषणेही होतील. ती जरूर व्हावीत. आम्हाला विचारायचे आहे ते रिमांडच्या कोर्टाबद्दल.

आरोपीला पुढे आणतात. न्यायाधीश विचारतात, ‘वकील दिलाय का?’ तो नकारार्थी मान हलवतो. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवरच्या वकिलाचा पुकारा होतो, घाईघाईने कागद हाती दिले जातात, व्हरांड्यात दोन-चार वाक्यांचे बोलणे होते, तेही शेजारी हवालदार उभा असताना. तेवढ्यात कोठडी मंजूर. रोजनाम्यात नोंद राहते, की आरोपीला वकील मिळाला.

मोफत वकिलाच्या हक्काच्या इतिहासात महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या दोन प्रकरणांचा मोठा वाटा आहे. बनावट पदव्यांच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले होसकोट हे पीएच.डी. झालेले विद्यापीठातले प्राध्यापक. शिक्षा भोगून झाली, तरी उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत हाती आली नव्हती, ही त्यांची तक्रार. शिकल्यासवरल्या माणसाची ही गत, तर अंगठा उठवणाऱ्याचे काय होत असेल! १९७८ मध्ये न्या. कृष्णा अय्यर यांनी याच प्रकरणात बजावले, की कैद्याला निकालाची प्रत फुकट मिळाली पाहिजे आणि ऐपत नसेल तर अपिलासाठी वकीलही सरकारी खर्चाने. पुढे मुंबईच्या कोठड्यांतल्या स्त्रियांना होणाऱ्या मारहाणीबद्दल पत्रकार शीला बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. १९८३ च्या त्या निकालात सांगितले आहे, की अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावे. अटक होताच, कोर्टात उभे केल्यावर नव्हे. चाळीस वर्षे उलटून गेली, तरी आमचे घोडे इथेच अडले आहे.

बाकी कायदा उदार आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतले कैदी यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे आणि उत्पन्नाबद्दल अर्जदाराचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येते. म्हणजे पोटगीसाठी आलेल्या बाईला दाखला आणायला तहसीलमध्ये पिटाळायचे काहीच कारण नाही.

खरी अडचण दर्जाची आहे. पॅनलवरच्या वकिलाची फी तुटपुंजी, तीही उशिरा मिळणारी. मग तो आधी खासगी पक्षकाराची तारीख सांभाळतो. दोष एकट्या त्याचा नाही. २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत फौजदारी बचावासाठी मानधनावर पूर्णवेळ वकील नेमण्याची पद्धत सुरू झाली आहे. ती योग्य दिशा आहे, पण नेमणुका करारावरच्या. सरकार पक्षामागे अख्खे पोलीस खाते उभे असते. बचावाच्या वकिलाला निदान एक कारकून आणि उद्याची शाश्वती तरी हवी.

जामीन मिळूनही जामीनदार नाही म्हणून आत राहिलेल्यांचे वेगळेच. सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले आहे. देशातल्या दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी असताना या आदेशाचे पालन तरी काटेकोर व्हावे.

गरजूंसाठी विधी सेवेचा १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीच्या गजांसमोर, मराठीत ठळक लिहिलेला हवा. आणि लोकअदालतीत मिटलेल्या प्रकरणांचे मोठाले आकडे दरवेळी प्रसिद्ध करणाऱ्या प्राधिकरणाने यापुढे आणखी एक आकडा जिल्हावार जाहीर करावा: अटक झालेल्यांपैकी किती जणांना कोर्टात उभे करण्याआधी वकील भेटला.